रिओ द ओनोर : आधी पाणी बघा, मग कागद

प्रश्न असा आहे : पोर्तुगालच्या ईशान्य कोपऱ्यातल्या रिओ द ओनोर या गावाबद्दल ‘एकच गाव, दोन देश’ आणि ‘इथे सगळंच सामाईक’ असं वाचायला मिळतं. त्यात खरं किती? आणि अशा लहानशा ग्रामीण फ्रेगेझियाचा, म्हणजे पोर्तुगालमधल्या सगळ्यात खालच्या प्रशासकीय विभागाचा, इतिहास-भूगोल अभ्यासायचा तर सुरुवात कुठून करावी, कोणती कागदपत्रं बघावीत?

दोन्ही विधानं अर्धी खरी आहेत. ती तशीच्या तशी उचलली, तर उरलेला अर्धा भाग कायमचा हातातून जातो. सुरुवातीबद्दल माझं मत ठाम आहे. चर्च कधी बांधलं, राजाने सनद कधी दिली, यापासून आरंभ करू नका. तसं केलं की सनावळी हाती लागते, गाव लागत नाही. आधी पाणी कुठून येतं, गवत कुठे वाढतं आणि डोंगर कोणाचा, हे तीन प्रश्न सोडवा. कागद त्यानंतर उघडा. मग तेच कागद बोलायला लागतात.

फ्रेगेझिया म्हणजे काय, हे गोव्यातल्या वाचकांना फार समजावून सांगायला नको. जुन्या पिढीला रेजेदोर (गावपातळीचा मुलकी अधिकारी), कोन्सेल्यू, जुंता (कार्यकारी मंडळ) हे शब्द तोंडपाठ आहेत. पोर्तुगालमध्ये वरून खाली जिल्हा, कोन्सेल्यू आणि फ्रेगेझिया अशी उतरंड आहे. कोन्सेल्यू साधारण तालुक्याएवढा, आणि फ्रेगेझिया म्हणजे एका चर्चभोवतीची एक किंवा अनेक गावं. मुळात हा धर्मव्यवस्थेचा विभाग. कोणत्या घरांनी कोणत्या पाद्रीकडे बाप्तिस्मा करायचा आणि धान्याचा दशांश कोणाला द्यायचा, यावरून त्याची हद्द ठरली. १८३०च्या दशकातल्या उदारमतवादी सुधारणांनी त्यावर मुलकी कारभाराचा थर चढवला आणि १९१६च्या कायद्याने त्या मुलकी विभागाला अधिकृतपणे ‘फ्रेगेझिया’ हे नाव दिलं. म्हणून जुन्या कागदात पॅरिश (चर्चचा विभाग) आणि नव्या कागदात फ्रेगेझिया दिसली, तर दोघांची हद्द एकच होती असं गृहीत धरू नका. बहुतेक वेळा ती एक असते, पण नसते तेव्हा सगळी आकडेमोड चुकते.

आता जागा. रिओ द ओनोर ब्रागांसा शहराच्या ईशान्येला, रस्त्याने साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. हा त्राश-उश-मोंतिश प्रांत, म्हणजे डोंगरांपलीकडचा मुलूख. त्यातही हा भाग ‘तेर्रा फ्रिया’ म्हणून, थंड प्रदेश म्हणून ओळखला जातो. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, अशी तिथली म्हणच आहे. गावाची उंची साधारण ७०० मीटर आणि पाठीशी मोंतेझिन्यूची रांग, तिची कमाल उंची दीड हजार मीटरला थोडी कमी. ब्रागांसाचा वार्षिक पाऊस ७५० मिलिमीटरच्या आसपास आहे, पण तो हिवाळ्याच्या बाजूला पडतो. जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. पाऊस आणि ऊब एकाच वेळी मिळण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे उलटं वाटतं : पाणी असतं तेव्हा थंडीमुळे काही वाढत नाही आणि ऊब येते तेव्हा पाणी नसतं. गावाचा सगळा इतिहास या पेचातून सुटण्याची धडपड आहे.

जमीन शिस्ट खडकाची. हा पापुद्र्यांचा, फरशीसारखा फुटणारा खडक. त्याच्यावरची माती पातळ, आम्लयुक्त आणि पाणी न धरणारी. घरंही त्याच दगडाची : भिंती शिस्टच्या, छपरावर पाटीच्या दगडाचे पातळ तुकडे, खाली गुरं, वर माणसं, बाहेरून जिना आणि लाकडी सज्जा. खालच्या गोठ्याची ऊब वरच्या खोलीला मिळते. थंडीच्या गावात ही गोष्ट सरपणाइतकीच महत्त्वाची.

गावातून ओनोर नदी वाहते. ती स्पेनमधून येते, गाव ओलांडते आणि तिचं पाणी पुढे साबोर नदीमार्गे दोउरो नदीत जातं. नदीकाठी अमियेरू म्हणजे आल्डरची झाडं आणि त्यांना लागून ‘लामेइरू’ नावाची कायमची गवताळ कुरणं आहेत. या कुरणांवर थांबून वेळ द्या, कारण गावाची खरी संपत्ती तीच होती. लामेइरू म्हणजे आपोआप उगवलेलं माळरान नव्हे, ते घडवलेलं शेत आहे. उताराच्या वरच्या कडेने पाट काढतात आणि पाटाच्या काठाला ठरावीक अंतरावर खाचा ठेवतात. हिवाळ्यात पाणी त्या खाचांतून सांडून गवतावरून पातळ पडद्यासारखं सतत वाहत राहतं. झऱ्याचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. ते वाहतं राहिलं की जमीन गोठत नाही, हिमकण गवत जाळत नाहीत आणि वसंतात वाढ लवकर सुरू होते. या हिवाळी सिंचनाला तिकडे ‘रेगा द लिमा’ म्हणतात. पाणी साचलं तर मुळं कुजतात आणि लव्हाळे माजतात. पाणी मध्येच तुटलं तर त्या रात्री तो पट्टा गोठतो. म्हणून पाट दरवर्षी साफ करणं, खाचांची पातळी सारखी ठेवणं आणि पाण्याची पाळी मोडू न देणं ही कामं कोणा एकाच्या मर्जीवर सोडता येत नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाशी, जून-जुलैत गवत कापून वाळवलं की हिवाळ्यातल्या गुरांची बेगमी होते. कुरणाच्या बांधावर फ्रेशु म्हणजे अॅशची झाडं लावलेली असतात. उन्हाळा संपताना गवत संपलं की त्यांचा पाला छाटून गुरांना घालतात. किती गुरं हिवाळा काढतील हे कुरण ठरवतं, गुरांवर शेणखत ठरतं आणि शेणखतावर राय.

राय हे इथलं भाकरीचं धान्य. गव्हाला ही माती झेपत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी, जुलैत कापणी, मग खळ्यावर झोडणी. पिकाऊ जमिनीचे दोन मोठे भाग असतात, त्यांना ‘फोल्या’ म्हणतात. एका वर्षी एका भागात राय, दुसरा भाग पडीक, पुढच्या वर्षी अदलाबदल. पडीक भागावर आणि कापणीनंतरच्या खुंटांवर गावचा कळप चरतो आणि त्याचं खत जमिनीत जातं. आता यातली मेख बघा. शेताचा तुकडा तुमच्या मालकीचा असला, तरी तो यंदाच्या पडीक भागात येत असेल तर तिथे पेरणं शक्य नाही, कारण सगळ्या गावाची मेंढरं त्यावरून जाणार. कुंपण घालायला दगड पुरणार नाही आणि राखायला माणूस पुरणार नाही. म्हणजे मालकी खासगी, पण पीक घेण्याचं वेळापत्रक सामाईक. ‘सगळंच सामाईक’ या समजुतीचं मूळ इथे आहे आणि तिचं खंडनही इथेच आहे.

मालकीचे तीन प्रकार वेगळे ठेवून बघा. घर, परसबाग, बरीचशी राईची शेतं, चेस्टनटची झाडं आणि काही कुरणं खासगी होती. काही कुरणं गावसभेची होती. त्यांतलं गवत गावच्या वळूसाठी किंवा ठरलेल्या पद्धतीने वापरायचं. आणि वरचा डोंगर, म्हणजे ‘बाल्दिउ’, सगळ्यांचा : तिथे चराई, सरपण, गुरांखाली अंथरायला झुडपं, आणि मधूनमधून झुडपं जाळून त्या राखेत एक-दोन हंगाम घेतलेली राय. आपल्याकडच्या गायरानाशी तुलना करायचा मोह होईल, पण बाल्दिउ सरकारचा नसतो आणि फ्रेगेझियाचाही नसतो. तो तिथे राहणाऱ्यांच्या समूहाचा असतो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

गावसभेचं काम असं चाले. दर घरामागे एक मत. जानेवारीच्या सुरुवातीला दोन ‘मोर्दोमु’ निवडायचे, मुदत एक वर्ष. चर्चची घंटा वाजली की घरटी एका माणसाने यायचं. पाट साफ करणं, पूल-रस्ता दुरुस्त करणं, गवत कधी कापायचं, कळप कोणाकडे, वळू कोणाकडे, हे सगळं तिथे ठरे. जो आला नाही किंवा ज्याचं जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं, त्याला दंड. दंडाची नोंद एका लांब काठीवर होई. काठीवर प्रत्येक घराची जागा ठरलेली आणि त्या जागी चाकूने खाच पाडायची. दंड बहुधा वाइनच्या मापात असे आणि ती वाइन सगळ्यांनी मिळून प्यायची. ही काठी हौसेची वस्तू नाही, ती हिशेबवही आहे. लिहिता-वाचता न येणारा माणूसही ती वाचू शकतो आणि सगळ्यांसमोर पाडलेली खाच मागाहून कोणी बदलू शकत नाही. भट्टी, पाणचक्की, लोहारशाळा आणि वळूही गावाचा. वळूच्या गोठ्यात आता माहितीकेंद्र आहे.

कळपाची पाळी मात्र नीट समजून घ्या. ज्याची जितकी जनावरं, त्या प्रमाणात त्या घराने राखणीचे दिवस भरायचे. म्हणजे ही धर्मादाय मदत नाही, हिशेबी देवाणघेवाण आहे. शंभर मेंढ्यांना लांडग्यांच्या डोंगरात एक राखणदार लागतो आणि दहा मेंढ्यांनाही एकच लागतो. पाच-पाच, दहा-दहा जनावरं असणाऱ्या घरांना वेगवेगळं राखणं परवडतच नाही.

इथे बहुतेक लेखन एका वळणावर घसरतं. पोर्तुगीज मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज दियाश यांनी १९५३मध्ये या गावावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तो फार मोलाचा आहे. अवजारं, पाळ्या, सभा यांच्या इतक्या बारीक नोंदी दुसरीकडे मिळत नाहीत. पण त्यामुळे रिओ द ओनोर म्हणजे आदिम समतेचा शिल्लक राहिलेला तुकडा, अशी प्रतिमा पसरली. नंतरच्या पिढीत जोआकिं पाइश द ब्रितू यांनी त्याच गावात दीर्घकाळ काम केलं आणि घराघरांतले भेद, सत्तेचे ताण पुढे आणले. त्राश-उश-मोंतिशच्याच दुसऱ्या एका वस्तीवर ब्रायन ओनील यांनी केलेल्या कामातून मोठे जमीनदार, लहान शेतकरी आणि रोजंदारीवाले यांच्यातली खोल दरी दिसली. सभेत मत घराला होतं, माणसाला नव्हतं. घरात एक प्रमुख आणि बाकीचे भाऊबहीण, मजूर, अनौरस मुलं यांना आवाज नाही. जमीन वारसांत तुकडे-तुकडे होऊ नये म्हणून या भागात लग्नं उशिरा होत आणि अनेकजण अविवाहित राहत. बाप्तिस्म्याच्या नोंदींत ‘वडील अज्ञात’ हा शेरा वारंवार दिसतो, त्याचं एक कारण हे. तेव्हा १९५३चं वर्णन एका काळाचं वर्णन म्हणून वापरा. तेराव्या शतकापासून असंच चालत आलं, असं म्हणायला त्यात आधार नाही.

गोव्याशी एक तुलना खरोखर उपयोगी आहे, कारण दोन्हीकडे पोर्तुगीज प्रशासनाला आधीपासून असलेल्या गावसंस्थेशी जमवून घ्यावं लागलं. गोव्यातली गावकरी, म्हणजे कोमुनिदाद, हिचे रिवाज १५२६मध्ये आफोन्सो मेशिया यांच्या फोराल सनदेत लिहून घेतले गेले. तिथे हक्क वंशाने येतो. गावकर मुंबईत स्थायिक झाला तरी तो गावकरच, आणि शेतांच्या भाडेपट्ट्यांतून खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर त्याचा झोण, म्हणजे वाटा असतो. रिओ द ओनोरमध्ये हक्क राहण्याने येतो. चूल पेटती असेल, पाळी भरली जात असेल तरच तुम्ही ‘विझिन्यू’, म्हणजे गावच्या हिशेबातलं घर. वाटून घ्यायला नफा नाही, फक्त वापर आहे. गाव सोडलं की हक्क गेला. म्हणून लोक बाहेर पडल्यावर गोव्यातली संस्था कागदावर तगून राहू शकते, तिकडची मात्र माणसांबरोबरच आटते.

आता सीमा. पलीकडचं गाव रिओनोर द कास्तिया. ते स्पेनच्या थामोरा प्रांतात, पेद्राल्बा द ला प्रादेरिया या पालिकेत येतं. दोन्ही वस्त्या काही पावलांच्या अंतरावर आहेत आणि लोक त्यांना ‘वरचं गाव’ आणि ‘खालचं गाव’ म्हणतात. वरचं स्पेनचं, कारण नदी तिकडून येते. पण ही एका गावाची फाळणी नव्हे. दोन्हीकडे स्वतंत्र चर्च, स्वतंत्र सभा, स्वतंत्र डोंगर. सामाईक होती ती नाती, लग्नं, सीमेपलीकडे असलेली शेतं, कामाच्या दिवसांतली मदत आणि लिओनी (स्पेनच्या लिओन भागातल्या भाषेच्या) वळणाची बोली. १८६४च्या लिस्बन तहाने मिन्यू नदीच्या मुखापासून दक्षिणेकडे ग्वादियाना नदीपर्यंतची सीमा आखली. शाव्हिश शहराच्या उत्तरेला खरोखरच रेषा घरांतून जात होती अशी ‘मिश्र’ गावं होती आणि ती या तहाने एका देशाला देऊन टाकली. त्या गावांची हकिकत अनेकजण चुकून रिओ द ओनोरला चिकटवतात. त्याआधीची मोठी आखणी १२९७च्या अल्कान्यिसिश तहाची. म्हणजे राजकीय सीमा जुनी आहे, पण रोजच्या जगण्यात ती जाणवायला लागली ती जकात आणि पहारे कडक झाल्यावर. चोरटा व्यापार हा त्या काळातला जोडधंदाच होता, विशेषतः स्पेनमधल्या यादवीनंतरच्या टंचाईत कॉफीचा. २६ मार्च १९९५ला शेंगेन करार लागू झाला आणि तपासणी संपली.

कागदांकडे वळताना क्रम उलटा ठेवा : अलीकडून मागे जा.

पहिल्यांदा नकाशा. लष्कराच्या नकाशा विभागाचा १:२५,००० मालिकेतला पत्रक घ्या आणि त्यावर सध्याची फ्रेगेझिया-हद्द टाका. ती ‘काओप’ या अधिकृत प्रशासकीय नकाशात मिळते आणि तो ठरावीक काळाने सुधारला जातो. २०१३च्या आधीची आवृत्तीही उतरवून घ्या, कारण त्या वर्षीच्या पुनर्रचनेत ४,२०० हून अधिक फ्रेगेझियांच्या सुमारे ३,१०० झाल्या. रिओ द ओनोर शेजारच्या आवेलेदाला जोडली गेली. हद्द पाणलोटाच्या धारेवरून जाते की ओढ्यावरून, हे रेषारेषेने तपासा. जिथे ती दोन्ही सोडून सरळ जाते किंवा अचानक आत वळते, तिथे जुना चराईचा तंटा किंवा वाटाघाट असण्याची शक्यता मोठी. एकेका शेताचा मोजणी नकाशा मात्र शोधत बसू नका. उत्तर पोर्तुगालच्या बहुतेक भागात आपल्याकडच्या गटनकाशासारखी भूमितीय मोजणी झालेलीच नव्हती. करनोंदीत शेताचं नाव, चारी बाजूंचे शेजारी आणि अंदाजे क्षेत्र एवढंच असतं. ‘बुपी’ नावाच्या नव्या नोंदणीत मालक आता स्वतः सीमा दाखवत आहेत, पण बाहेर गेलेल्या वारसांची शेतं त्यात सहज सुटतात.

मग जनगणना. आधुनिक मालिका १८६४पासून सुरू होते, पुढे १८७८, १८९०, १९०० आणि त्यानंतर साधारण दर दहा वर्षांनी. जुन्या तक्त्यांत ‘हजर’ आणि ‘रहिवासी’ असे दोन आकडे येतात. स्थलांतराच्या प्रदेशात दोन्हींत मोठा फरक पडतो. एकाच प्रकारचा आकडा शेवटपर्यंत वापरा. रिओ द ओनोरच्या फ्रेगेझियात ग्वाद्रामिल हे दुसरं गावही येतं, म्हणून ‘रिओ द ओनोरची लोकसंख्या’ म्हणजे एका वस्तीची की दोन्हींची, हे प्रत्येक ठिकाणी लिहून ठेवा. २०११मध्ये संपूर्ण फ्रेगेझियात ७६ माणसं होती, क्षेत्र ४४ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोनही नाहीत. २०२१चा आकडा जोडलेल्या फ्रेगेझियाचा आहे. तो याच्याशेजारी ठेवला तर लोकसंख्या वाढली असं दिसेल, आणि ते साफ चूक ठरेल.

चर्चच्या नोंदी. ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३मध्ये बाप्तिस्मा आणि विवाहांच्या नोंदी बंधनकारक केल्या. मृत्यूच्या नोंदी त्यानंतर नियमित झाल्या. १९११पासून मुलकी नोंदणी सक्तीची. जन्माच्या १००, विवाहाच्या ५० आणि मृत्यूच्या ३० वर्षांपेक्षा जुन्या नोंदी अभिलेखागारात जातात. या गावासाठी ते ब्रागांसाचं जिल्हा अभिलेखागार, आणि बरीचशी पानं ऑनलाइन बघता येतात. शोधताना तीन गोष्टी पाळा. जोडलेल्या गावाची वही वेगळी असू शकते, म्हणून ग्वाद्रामिल स्वतंत्रपणे शोधा. नवरी पलीकडच्या गावची असेल तर विवाह बहुधा तिच्या पॅरिशमध्ये, म्हणजे स्पेनच्या वहीत सापडतो. इकडे नोंद नाही म्हणून लग्न झालं नाही असं समजू नका. आणि आडनावावर विसंबू नका. मुलगा वडिलांचं, मुलगी आईचं किंवा आजीचं, असं चालत असे. आई-वडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा जुळले तरच माणूस तोच समजा.

मग १७५८च्या ‘मेमोरियाश पारोकियाइश’. माझ्या मते हा पोर्तुगीज ग्रामीण इतिहासातला सगळ्यात कामाचा कागद आहे. १७५५च्या भूकंपानंतर सरकारने बिशपांमार्फत प्रत्येक पाद्रीला छापील प्रश्नावली पाठवली : गावाबद्दल २७, डोंगराबद्दल १३ आणि नदीबद्दल २० प्रश्न. घरं किती, माणसं किती, पीक कोणतं, नदीत मासे कोणते, गिरण्या किती, पाणी लोकांना मोफत मिळतं की त्यावर कर आहे. उत्तरांचे ४४ खंड लिस्बनच्या तोर्रे दु तोंबू या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वाचताना काळजी घ्या : ‘फोगु’ म्हणजे चुली, घरं. ‘पेसोआ’ किंवा ‘आल्मा’ म्हणजे माणसं. पण अनेक पाद्री केवळ कबुली-कम्युनियन हे चर्चचे विधी घेण्याच्या वयाचे मोजत, सात वर्षांखालची मुलं सोडून देत. शिवाय काहींनी एका ओळीत उत्तर उरकलं, काहींनी पानंच्या पानं लिहिली. एखादा प्रश्न कोरा असेल तर ती वस्तू गावात नव्हती, असा अर्थ होत नाही. शेजारच्या तीन-चार पॅरिशची उत्तरं बाजूला ठेवून वाचा, मग सुटलेलं लगेच लक्षात येतं.

त्याही मागे १५३०च्या सुमाराची घरमोजणी, राजा मानुएलच्या काळातल्या नव्या सनदा आणि १२५८ची राजाच्या हक्कांबद्दल राजाधिकाऱ्यांनी केलेली चौकशी. ब्रागांसाला पहिली सनद ११८७मध्ये मिळाली. या भागातली अनेक गावं काश्त्रू द आवेलांइश इथल्या बेनेदिक्तीन मठाच्या ताब्यात होती, त्यामुळे राजाच्या कागदात न सापडलेलं गाव मठाच्या कागदात सापडू शकतं. बाएसालचे पाद्री फ्रान्सिस्कु मानुएल आल्विश (१८६५–१९४७) यांनी ब्रागांसा जिल्ह्याची कागदपत्रं आयुष्यभर गोळा करून अनेक खंडांत छापली. मध्ययुगासाठी तिथून सुरुवात केली तर महिनोन्‌महिने वाचतात. फक्त त्यांच्या काळातली गृहीतकं त्यांच्या निष्कर्षांत आहेत, म्हणून छापलेला मूळ मजकूर वापरा आणि मतं तपासून घ्या.

मापांवर हमखास पाय घसरतो. धान्याचं ‘अल्केइर’ माप लिस्बनमध्ये सुमारे १३.८ लिटरचं होतं, उत्तरेत अनेक ठिकाणी मोठं. मेट्रिक पद्धत १८५२मध्ये ठरली, पण गावात रुळायला बराच काळ गेला. जमीनही ‘इतके अल्केइर पेऱ्याची’ अशी मोजत. आपल्याकडच्या खंडीभर पेऱ्याच्या जमिनीसारखंच. पातळ मातीत बी विरळ पडतं, म्हणून त्याच मापात जास्त क्षेत्र बसतं. लिटरावरून थेट हेक्टर काढू नका.

आता हे सगळं विरलं कसं? १९६०च्या दशकात या प्रांतातून फ्रान्सकडे लोंढा गेला, बहुतेक जण कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडून. त्यात १९६१ ते १९७४ची आफ्रिकेतल्या वसाहतींतली युद्धं आणि सक्तीची लष्करभरती. बाहेरच्या पैशाने नवी घरं आली, ट्रॅक्टर आला, असं सांगून बरेच लेखक थांबतात. पण पाळीच्या व्यवस्थेचं गणित स्वतः मांडून बघा. पन्नास घरं असतील आणि राखणीची पाळी घरामागे एक दिवस असेल, तर प्रत्येकाची पाळी पन्नास दिवसांनी येते. घरं पंधरा उरली की ती दर पंधरवड्याला येते, आणि ज्या घरात सत्तरीचं जोडपं आहे त्याला डोंगरावर दिवसभर कळप राखणं जमत नाही. ते मेंढ्या विकतं. मग चौदा घरं, पाळी आणखी जवळ. पाटाचंही तसंच : पाट तेवढाच लांब, साफ करणारे हात निम्मे. वरचा एक भाग कोसळला की खालची सगळी कुरणं सुकतात आणि दोन-तीन वर्षांत तिथे काटेरी झुडपं येतात. परस्परांवरचा विश्वास आटला किंवा नवी पिढी स्वार्थी झाली, अशी स्पष्टीकरणं वाचायला मिळतात. ती मला पटत नाहीत. इथे संख्या कमी पडली, इतकं साधं आणि इतकं कठोर कारण आहे. ज्यांनी शेवटपर्यंत पाट वाहता ठेवला त्यांच्यावर दोष टाकणं अन्यायाचं आहे.

डोंगराचा इतिहास वेगळा लिहा, तो सभेच्या इतिहासात मिसळू नका. १९३८च्या वनीकरण योजनेखाली अनेक बाल्दिउ सरकारच्या वनखात्याकडे गेले, त्यांवर पाइन लावले गेले आणि चराई आखडली. लोकशाही आल्यावर जानेवारी १९७६च्या दोन कायद्यांनी ते ‘कोंपार्त’ म्हणजे वापरकर्त्या रहिवाशांना परत मिळाले. त्यांची सभा फ्रेगेझियाच्या जुंतेपासून वेगळी असते, जरी छोट्या गावात माणसं तीच असली तरी. कोणत्या ठरावावर कोणत्या सभेचा शिक्का आहे हे बघायला विसरू नका. १९७९पासून हा परिसर मोंतेझिन्यू निसर्ग उद्यानात आहे, क्षेत्र सुमारे ७५,००० हेक्टर. त्यामुळे झुडपं जाळणं, घर वाढवणं, लांडग्याने मारलेल्या जनावराची भरपाई, या सगळ्याला आणखी एक कार्यालय आलं. चेस्टनट अजून टिकून आहे, पण मुळांचा शाई रोग, सालीचा कर्करोग आणि २०१४मध्ये पोर्तुगालमध्ये आढळलेली गाठी करणारी गांधीलमाशी अशी तीन संकटं त्याच्यावर आहेत.

फ्रेगेझियाच्या कायद्यातली एक तरतूद मुद्दाम सांगतो. मतदार १५० किंवा त्याहून कमी असतील तर निवडलेली सभा नसते. सगळे मतदार मिळून सभा भरते आणि तीच जुंता निवडते. फ्रेगेझिया जोडली गेली की मतदारांची बेरीज होते आणि ही थेट सभा जाऊ शकते. म्हणून २०१३च्या विलीनीकरणावर लहान गावांचा राग नुसता नावापुरता नव्हता. २०२५च्या कायद्याने १३५ जोडलेल्या फ्रेगेझिया मोडून ३०२ पुन्हा स्वतंत्र केल्या. तुमच्या अभ्यासातलं गाव त्या यादीत आहे का, हे काओपच्या ताज्या आवृत्तीत बघा आणि लेखात हद्दीचं वर्ष नोंदवा.

प्रत्यक्ष जाणार असाल तर मे महिना किंवा जूनचा पहिला पंधरवडा निवडा. गवत कापलेलं नसतं, पाटात पाणी असतं आणि कोणतं कुरण अजून भिजतं, कोणतं सोडून दिलंय हे रंगावरून कळतं. पुलापासून सुरुवात न करता पाटाच्या तोंडापासून खाली चाला, प्रत्येक खाच आणि बांध नकाशावर टिपा आणि कुरणांची स्थानिक नावं विचारून लिहून घ्या. करनोंदीत तीच नावं येतात आणि त्यांच्यावरूनच कागदातलं शेत जमिनीवर सापडतं. वयस्कर माणसांना ‘पूर्वी सगळं सामाईक होतं का’ असं विचारू नका, हो असंच उत्तर येईल. ‘तुमच्या घराची पाणीपाळी कोणत्या वाराची होती, आणि तुमच्या आधी कोणाची’, असं विचारा.